बेचाळीस पावलं

ऑल्टन फॉन्टनोला या धंद्यात मी आणला, हे आधीच सांगून टाकतो, कारण दुसरं कुणी ते सांगणार नाही. आमच्या क्लबात आजही विचारा, म्हणतील ड्रिस्कॉलनं आणला. ड्रिस्कॉल आमचा मॅनेजर, माणूस हुशार, पण नकाशात ऑल्टनचं लुइझियाना राज्य दाखव म्हटलं असतं तर त्याचं बोट मेक्सिकोत गेलं असतं.

धंदा आमचा स्काउटचा. माझी मुलगी लहान होती तेव्हा शाळेत सांगायला लाजायची. स्काउट म्हटलं की बाकीच्या पोरींना गळ्यात रुमाल बांधून तंबू ठोकणारी मुलं आठवायची आणि मला तर टक्कल पडलेलं. आमचं काम म्हणजे देशभर कॉलेजांच्या मैदानांवर हिंडायचं, फुटबॉल, म्हणजे आमचा अमेरिकन, चेंडू हातांनी झेलायचा, तो खेळणारी पोरं पारखायची, आणि कोण आमच्या क्लबाच्या कामाचा, कोण नाही, ते कार्डावर लिहून पाठवायचं. मी एमिल हव्रानेक. सेहेचाळीस साली, युद्धावरून आलो आणि या कामाला चिकटलो.

त्या काळी कसला स्काउट नि कसलं काय. हिवाळ्यात सगळ्या क्लबांचे मालक एका हॉटेलात जमायचे आणि पाळीपाळीनं पोरांची नावं घ्यायचे. त्यालाच ड्राफ्ट म्हणतात. आदल्या मोसमात ज्यानं सगळ्यात जास्त मार खाल्ला त्याची पाळी पहिली. एकदा एका क्लबानं नाव घेतलं की त्या पोराशी दुसऱ्यानं बोलायचं नाही. पण नाव कुणाचं घ्यायचं हे कळणार कसं? आमचे मालक स्टेशनावर मासिक घ्यायचे आणि गाडीत वाचत जायचे. एका वर्षी त्यांनी मोठ्या ऐटीत एका पोराचं नाव घेतलं, तर तो सहा महिन्यांपूर्वी वारलेला होता. मासिक जुनं निघालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, एमिल, तू जाऊन डोळ्यांनी बघत जा. असा मी स्काउट झालो.

पुढं साठ साली क्लबांची दुसरी एक लीग निघाली आणि दोन लीगांचं भांडण लागलं. पाचसहा वर्षं दोन्हीकडचे तीच पोरं ओढायला बघत. तेव्हा आम्ही पोरं लपवून ठेवायचो. मी एका दांडगोबाला चार दिवस मोटेलात ठेवला होता. सकाळ-संध्याकाळ स्टेक खायला घातले, पत्त्यांत मुद्दाम हरलो, फोनची वायरसुद्धा काढून ठेवली. पाचव्या दिवशी तो बाथरूमच्या खिडकीतून गेला आणि दुसऱ्या लीगला सही देऊन मोकळा झाला. अडीचशे पौंडांचा माणूस त्या खिडकीतून मावला कसा, ते मला अजून कळलेलं नाही.

ऑल्टन मला भेटला पासष्टच्या शरदात. दक्षिणेत काळ्या पोरांची छोटी छोटी कॉलेजं आहेत, तिथं तोवर आमच्यापैकी फारसं कुणी फिरकत नसे. मी गेलो होतो. लाकडी बाकावर बसून टिपणं करत होतो आणि मागं एक माणूस आपल्या बायकोशी बोलत होता. "तो सत्तावीस नंबर दिसतो पळणारा, पण वळताना बघ, तीन पावलं जास्त घेतो. आणि तो एकसष्ट, त्याच्याकडं कुणी बघत नाही, पण प्रत्येक वेळी खाली पडलेला माणूस त्याच्याच समोरचा असतो." मी माझ्या वहीत बघितलं. सत्तावीसवर मी चांदणी काढली होती. एकसष्टचं नाव नव्हतं.

मागं वळून विचारलं, कोण आपण? म्हणाला, शाळेत भूमिती शिकवतो. वय छत्तीस, काळा, सडपातळ, नाकावर चष्मा.

मीच त्याला सोबत घेतलं. घड्याळ कसं धरायचं, पोरगा धावायला हलला की कुठं बघायचं, कार्ड कसं भरायचं, सगळं मी शिकवलं. क्लबाला पत्र लिहून शनिवार-रविवारचं काम मीच मिळवून दिलं. तो मला मास्तर म्हणायचा. मी म्हणायचो, अरे, मास्तर तू आहेस, शाळेत तू शिकवतोस. तो म्हणायचा, "शाळेत मी मास्तर, मैदानावर तुम्ही." ऐकायला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

पहिल्या वर्षी त्याची दोन पोरं संघात लागली. माझं एकही नाही. दुसऱ्या वर्षी त्याची तीन, माझं एक, आणि त्या एकाचा गुडघा ऑगस्टमध्ये गेला. बैठकीत ड्रिस्कॉल सगळ्यांसमोर म्हणाला, "एमिल, चेल्यानं बसवलं की रे खाली." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन ॲग्नेसनं केलेल्या डंपलिंग्जना हात लावला नाही.

ॲग्नेस म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही. पोटात दुखतंय."

"कुणाचं चांगलं झालं?"

बायको तीस वर्षांची जुनी असली की असं होतं. काही लपत नाही.

नुसती पोरं सापडली म्हणून जळलो असतो तर एक वेळ समजलं असतं. मी बारीकसारीक गोष्टींवर जळायला लागलो. त्या कॉलेजांचे कोच त्याला घरी जेवायला न्यायचे. लाल घेवड्याची उसळ आणि भात, तळलेला मासा, वर पेकानच्या, अक्रोडासारख्या दाण्यांचं, गोड पक्वान्न. जेवताजेवता कोण पोरगा आईला पैसे पाठवतो, कुणाच्या खांद्यात जुनी दुखापत आहे, सगळं त्याच्या कानावर यायचं. मला तेच कोच हात मिळवून "येस सर, नो सर" करायचे आणि मी हायवेवरच्या टपरीत एकटा बसून सुकं सँडविच चावायचो. त्या भागातल्या मोटेलांत त्याला खोली मिळत नसे, कायद्यानं दारं उघडली होती तरी. म्हणून तो लोकांच्या घरी उतरायचा. मी पांढरा, मला हवी ती खोली मिळायची. आणि त्या खोलीत पडून मी त्याच्या जेवणाचा हेवा करायचो. माणूस किती खाली जाऊ शकतो ते बघा.

माझ्याकडंही एक शोध होता, नाही असं नाही. त्रेपन्न साली कोळशाच्या खाणीच्या गावातून एक टॅकल, म्हणजे समोरच्याला अडवणारा दांडगा, काढला होता, नऊ वर्षं खेळला. पण ती गोष्ट मी इतक्यांदा सांगितली होती की मी तोंड उघडलं की ऑफिसातली पोरं कॉफी आणायला उठायची.

एकोणसत्तरच्या वसंतात ऑल्टनचा फोन आला. आवाजात नुसती लगबग.

"मास्तर, ओडेल व्हिट्लो. नाव लिहून ठेवा. लांबचे चेंडू झेलतो. हात असे की चेंडूचा आवाज होत नाही. आणि चाळीस यार्ड साडेचार सेकंदांत."

चाळीस यार्ड हे आमचं माप. का चाळीस, पन्नास का नाही, ते मला विचारू नका. पाच सेकंद म्हणजे ठीक. चार पॉइंट सात म्हणजे बरा, पण असे प्रत्येक काउंटीत दोन सापडतात. साडेचार म्हणजे मॅनेजर खुर्चीतून उठतो.

"कुणाच्या घड्याळानं?" मी विचारलं.

"माझ्याच. तीनदा लावलं. आणि मास्तर, अजून एक. ड्रिस्कॉलसाहेब म्हणाले, हा पोरगा आपण घेतला तर मला कायमचं घेतील. सगळी दक्षिण माझ्याकडं. मग मी शाळा सोडीन. लुसिलला सांगितलं तर ती रडायलाच लागली."

लुसिल त्याची बायको. मी म्हटलं, "वा. छान झालं." सगळी दक्षिण त्याच्याकडं, म्हणजे माझ्याकडची जाणार. ड्रिस्कॉलनं मला त्यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात सांगितलं. म्हणाला, "तुला आता फिरायचा त्रास नको, एमिल. ऑफिसात बस. कार्डं लाव." बावन्नचा होतो मी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि मी म्हटलं, बरं.

आता आमच्या धंद्याची एक रीत आहे. स्काउट जो पोरगा स्वतः हुडकून काढतो, त्याची पडताळणी दुसऱ्यानं जाऊन करायची. कारण ज्याचा त्याचा आपल्या पोरावर जीव असतो. त्याला तो वेगवान व्हायला हवा असतो, आणि घड्याळावरचा अंगठा मनाचं ऐकतो, डोळ्यांचं नाही. पोरगा रेषेवर पोचायच्या आत अंगठा खाली गेलेला असतो. माणूस लबाडी करत नसतो, त्याला कळतही नाही. म्हणून दोन आकड्यांत फरक पडला की पडताळणीचा आकडा धरायचा. ओडेल व्हिट्लोच्या पडताळणीला ड्रिस्कॉलनं मला पाठवलं. म्हणाला, "तुझ्याहून सरळ हात या क्लबात कुणाचा नाही." ते खरं होतं.

नोव्हेंबरात गेलो. आदल्या दिवशी पाऊस पडून मैदानाचा चिखल झालेला. कोच मूटन, साठीचा ठेंगणा गृहस्थ, मला व्यायामशाळेच्या मागच्या रस्त्यावर घेऊन गेला. कोरडा, काळा, नवाकोरा डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना पेकानची झाडं. आडव्या दोन पांढऱ्या रेघा मारलेल्या.

"पाऊस असला की पोरांना इथंच पळवतो," मूटन म्हणाला. "उन्हाळ्यात डांबर घातलं, त्यात जुन्या रेघा गेल्या. आमच्या माणसानं पुन्हा मारल्या. चाळीस आहे."

कुणाच्या रेघेवर विश्वास ठेवायचा नाही, हा माझा नियम. माझं पाऊल मी वीस वर्षं घासून बरोबर एक यार्डाचं केलेलं आहे. ॲग्नेसबरोबर चर्चमध्ये चालतानासुद्धा मी मोजतो. मी हात मागं बांधून, हवा बघितल्यासारखं करत, एका रेघेवरून निघालो. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. रेघ अजून पुढं होती. एकेचाळीस. बेचाळीस.

परत येताना पुन्हा मोजलं. बेचाळीस.

मूटननं विचारलं, "ठीक आहे ना?"

तो माणूस बिचारा माझ्याकडं बघत उभा होता. मागं ओडेल व्हिट्लो, लांब टांगांचा, लाजाळू, बुटाची नाडी बांधत होता. "रेघ दोन यार्ड लांब आहे," एवढं बोलायला किती वेळ लागतो? खडूनं नवी रेघ मारायला दोन मिनिटं. माझ्या डोक्यात काय आलं ते सांगतो. लाल घेवडा नि भात आला. बैठकीतलं हसणं आलं. ऑफिसात बसून कार्डं लाव, ते आलं.

"ठीक आहे," मी म्हटलं.

पोरगा धावला. देवा, काय धावला. त्या रस्त्यावर त्याच्या पायांचा आवाज येईना. मी अंगठा चोख दाबला, आयुष्यात दाबला नसेल इतका चोख. चार पॉइंट सात. पाच मिनिटं बसवून पुन्हा पळवला. चार पॉइंट सात. शेवटच्या दोन यार्डांचे दोन दशांश, ते वजा केले तर साडेचार. ऑल्टनचा आकडा केसाइतकाही चुकलेला नव्हता.

पोरगा धापा टाकत आला. "किती सर?"

आम्ही पोरांना आकडा सांगत नाही. "छान पळतोस," मी म्हटलं.

"मिस्टर फॉन्टनो म्हणाले होते, तुम्ही त्यांचे गुरू आहात."

गाडीत बसून मी कार्ड भरलं. तारीख. डांबरी रस्ता, कोरडा. वारा नाही. दोनदा पळवला, चार पॉइंट सात, चार पॉइंट सात. खाली शेरा लिहायची जागा असते, बोटभर. ती मी कोरी ठेवली. त्या कार्डावर एकही आकडा खोटा नव्हता, हे मी परतीच्या आठशे मैलांत स्वतःला पन्नासदा तरी सांगितलं.

ड्राफ्ट जानेवारीच्या शेवटी. एव्हाना सगळं टेलिफोनवर आलं होतं. आमचा एक माणूस न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसलेला, आणि आम्ही दहाबारा जण आमच्या ऑफिसात. बाहेर बर्फ, तळ्यावरून येणारा वारा. भिंतीवर फळा, फळ्यावर प्रत्येक पोराच्या नावाची पट्टी, वरचा चांगला, खालचा त्याहून कमी. त्या वर्षी ऑल्टनला पहिल्यांदाच बोलावलं होतं. नवा करडा सूट शिवला होता. खोलीत तो एकटाच काळा, भिंतीपाशी खुर्ची ओढून बसला. मला बघून उठला.

"मास्तर, झोप नाही लागली रात्रभर. हेडमास्तरांना सांगून आलोय, बहुधा जूनपर्यंतच."

"अजून सांगायला नको होतंस," मी म्हटलं. तेवढं मात्र मी खरं बोललो.

तीन फेऱ्या झाल्या. चौथीत आमची पाळी आली तेव्हा फळ्यावर सगळ्यात वर ओडेल व्हिट्लो होता. ड्रिस्कॉलनं दोन्ही कार्डं हातात घेतली. चष्मा कपाळावर ढकलला.

"हे बघा. ऑल्टन म्हणतो साडेचार. एमिल म्हणतो चार सात. दोन दशांशांचा फरक. एमिल, तिथं काही भानगड होती का? मैदान, वारा, काही?"

ही माझी वेळ होती. हातातून काही गेलं नव्हतं. रस्त्यावर नव्या रेघा होत्या, शंका वाटते, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ऑल्टन माझ्याकडं बघत होता. त्याच्या नजरेत संशय असता ना, तर मी बोललो असतो. तो नुसता उत्तराची वाट बघत होता, वर्गात पोरं बघतात तसा.

"काही नाही," मी म्हटलं. "कोरडा रस्ता. दोनदा पळवला."

ड्रिस्कॉल ऑल्टनकडं वळला. फोनवर आमचा न्यूयॉर्कचा माणूस मिनिटं मोजत होता. "रीत काय आहे ते तुला माहीत आहे. पण पोरगा तुझा. तुझं काय पणाला लागलंय तेही सगळ्यांना माहीत आहे. तू छातीवर हात ठेवून सांग, साडेचार आहे. मी घेतो."

मला वाटलं, आता भांडेल. मी भांडलो असतो. टेबल आपटलं असतं. मी तर मनात म्हणत होतो, भांड ना, गाढवा.

ऑल्टन उठला. "मास्तरांचा हात चुकत नाही," तो म्हणाला. "माझाच अंगठा घाईला आला असणार. मला हा पोरगा फार हवा होता. त्यांनी मला हेच शिकवलं होतं पहिल्या दिवशी, की हवा असलेला पोरगा नेहमी वेगवान दिसतो." मग तो फळ्यापाशी गेला, व्हिट्लोची पट्टी काढली आणि दोन हात खाली लावली. स्वतःच्या हातानं.

आम्ही ओरेगॉनचा एक गार्ड, अडवणाऱ्यांतलाच एक, घेतला. त्याचं नाव मला आता आठवत नाही.

अकरा नावं गेली आणि फोनवरून आवाज आला, ओडेल व्हिट्लो, दुसऱ्या एका क्लबाला. ऑल्टन दारातून बाहेर गेला. मीही गेलो, का गेलो कुणास ठाऊक. तो बोळात कॉफीच्या मशीनपाशी उभा होता. दोन कप भरले आणि एक मला दिला.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "तुम्ही तुमचं काम केलंत. उलट हट्ट करून मी तुमचं नाव खाली आणलं असतं."

"अरे, होतं असं."

"पुढच्या वसंतात या मास्तर. पुन्हा शिकवा मला. पहिल्यापासून."

आणि मला आनंद झाला. एवढं सगळं सांगितलं ते यासाठीच. शरम वगैरे नंतर आली, ॲग्नेसला सांगितल्यावर आली, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण त्या बोळात, हातात गरम कप धरून, चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोटातली आग विझली. मी म्हटलं, "येईन की. घाबरतोस कशाला."

दक्षिण माझ्याकडंच राहिली. ओडेल व्हिट्लो अकरा वर्षं खेळला. आमच्याविरुद्ध खेळायला आला की मी स्टँडच्या अगदी वरच्या रांगेत जाऊन बसायचो. ऑल्टननं त्यानंतर दोन वर्षं शनिवार-रविवारचं काम केलं. त्याची कार्डं यायची आणि आकड्यापुढं प्रश्नचिन्ह असायचं. कधी दोन आकडे लिहायचा आणि खाली, "मास्तरांना विचारावे." असल्या कार्डांचं क्लब काय करणार? तिसऱ्या वर्षी ड्रिस्कॉलनं त्याला पत्र लिहिलं, आभार वगैरे मानून. ते पत्र टाइपला देताना ड्रिस्कॉल मला म्हणाला, "काय डोळा होता रे त्या माणसाचा. कुठं गेला तो डोळा?" मी म्हटलं, कुणास ठाऊक.

मी निवृत्त झालो अठ्ठ्याहत्तरला. ॲग्नेस एकसारखी म्हणायची, जाऊन सांगून ये त्याला. मी म्हणायचो, आता काय उपयोग. ती म्हणायची, उपयोग तुला नाही, त्याला. ऐंशीच्या एप्रिलमध्ये शेवटी गाडी काढली.

ऑल्टन त्याच शाळेत होता. भूमिती शिकवायचा आणि संध्याकाळी पोरांना पळवायचा. केस पांढरे झालेले. मला बघून धावत आला, दोन्ही हात धरले. लुसिलला फोन केला की मास्तर आलेत, जेवायला घेऊन येतो, घेवडा चढव. मला तेव्हाच परत फिरावंसं वाटलं.

"आधी पोरं बघा माझी," तो म्हणाला.

मैदानाच्या कडेला तेरा-चौदा पोरं रांगेत उभी होती. आणि अंतिम रेषेवर शाळेतली एक मुलगी, हातात घड्याळ घेऊन. मी विचारलं, ही कोण?

"ही बरोबर असते नेहमी. मी एकटा वेळ लावत नाही, मास्तर. दहा वर्षं झाली. मनात खात्रीच वाटत नाही. ती लावते, मी लावतो, मग मधला आकडा धरतो." मग त्यानं तिला हाक मारली. "आज सुट्टी तुला. आज मास्तर आलेत."

तिचं घड्याळ माझ्या हातात आलं. आम्ही दोघं रेषेवर उभे राहिलो. मी अंतर पावलांनी मोजलं, बरोबर चाळीस होतं. पहिलं पोरगं धावलं. मी दाबलं, त्यानं दाबलं. माझं पाच पॉइंट एक. त्याचं पाच पॉइंट एक. दुसरं पोरगं, चार नऊ, चार नऊ. तिसरं, चौथं. तेराच्या तेरा पोरांत आमच्या आकड्यांत एका दशांशाचा फरक पडला नाही.

त्यानं दोन्ही घड्याळं एकमेकांशेजारी धरली आणि बघतच राहिला. चष्म्याआडचे डोळे भरून आले होते. मला म्हणाला, "बघितलंत? तुम्ही शेजारी असलात की माझा अंगठा कसा ताळ्यावर येतो."

तोंडात शब्द होते. रस्ता बेचाळीस यार्डांचा होता, ऑल्टन. फक्त एवढंच बोलायचं होतं. पोरं भोवती गोळा झाली होती, त्यातल्या एकानं विचारलं, सर, हे कोण? आणि ऑल्टन सांगायला लागला, मी कोण ते. माझा खांदा धरून सांगत होता. पोरं त्याच्याकडं ज्या डोळ्यांनी बघत होती ते मी बघितलं. बत्तीस वर्षं मी मैदानं तुडवली, माझ्याकडं असं कुणी कधी बघितलं नाही. आणि तिथं, त्या जागी, सगळं गमावून बसलेल्या त्या माणसाचा मला पुन्हा हेवा वाटला.

"चला, लुसिल वाट बघत असेल," तो म्हणाला.

मी म्हटलं, मला रात्रीच्या आत निघायला हवं. त्यानं खूप आग्रह केला. गाडीपर्यंत सोडायला आला, काच खाली करायला लावली आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी पुन्हा या, मास्तर. वर्षातून एकदा तरी मला माझा अंगठा तुमच्याशी जुळवून घेऊ द्या."

येतो म्हणालो. गेलो नाही.